कडाक्याच्या थंडीत पहिलवानाचे फोटो, तेही उघड्यावर: काय काय सांभाळावं?

फोटोवाला_शिरपूर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

पौष चालू आहे, लग्नाच्या ऑर्डरी बंद, म्हणून एक वेगळं काम अंगावर घेतलंय. आमच्याकडच्या एका पोराने राज्य स्पर्धेत आपल्या वजनगटात सोनं आणलं. गावाने सत्कार ठरवलाय. त्याचं मोठं बॅनर आणि एक कॅलेंडर करायचंय. स्टुडिओत पडद्यासमोर उभं करून काढलेले फोटो कोणालाच नकोत, मलाही नकोत.

तालीम गावाबाहेर तापीच्या काठावर आहे. हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यावर, पत्रा आहे, पण चारही बाजू उघड्या. वस्ताद म्हणाले, पोरं पहाटे साडेपाचला येतात, फोटो काढायचे तर तेव्हाच या, माझ्या वेळेत लुडबूड नको. सध्या पहाटेचं तापमान सहा-सात अंश आहे. वारा सुटला की विचारू नका.

डोक्यातलं चित्र असं: उघड्या अंगाचा पहिलवान, अंगातून वाफा निघताहेत, मागे नदीवरचं धुकं. सामान म्हणाल तर २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, भाड्याची ७०-२०० एफ २.८ लेन्स, घरची ५० एमएम लेन्स आणि दोन फ्लॅश.

प्रश्न तीन. थंडीत बॅटरी दगा देते म्हणतात, त्याचं काय? वाफ फोटोत खरंच दिसते का, की ते सगळं नंतर कॉम्प्युटरवर केलेलं असतं? आणि पहिलवानाला उघड्या अंगाने किती वेळ उभं करता येईल?

तापीकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. बहुतेक कॅमेरा कंपन्या आपल्या यंत्राची मर्यादा शून्य ते ४० अंश अशी छापतात. म्हणजे तुमची सहा-सात अंशांची पहाट कॅमेऱ्याच्या हिशोबात बसते. लिथियम बॅटरी गारठली की तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती लवकर संपल्यासारखी वाटते. खिशात ऊब दिली की बराचसा चार्ज परत दिसतो. म्हणून जादाची बॅटरी बॅगेत नको, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. संपलेली फेकू नका, तीही आत घाला, शेवटची पाच-दहा मिनिटं तीच उपयोगी पडते.

फ्लॅशमध्ये साधे अल्कलाइन सेल असतील तर बदला. थंडीत ते लवकर मान टाकतात. रिचार्जेबल निकेलवाले सेल बरे चालतात.

खरी काळजी काम संपल्यावर घ्या. गार पडलेला कॅमेरा घेऊन थेट चहाच्या टपरीत किंवा चुलीपाशी गेलात की लेन्सवर घाम सुटणार, आणि नुसता बाहेरून नाही, आतल्या काचेवरही. निघतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. मग घरी तासभर ती पिशवी उघडायचीच नाही. ओल धरायची ती पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. मेमरी कार्ड मात्र पिशवीत घालण्याआधी काढून घ्या, नाहीतर हात शिवशिवतात.

भुसावळकर

शून्य ते ४० वाचून हसू आलं. म्हणजे आमच्या भुसावळात मे महिन्यात कॅमेरा घराबाहेर काढणं हाच नियमभंग! जानेवारीत यंत्राचं काही बिघडत नाही भो, बिघडायचं ते माणसाचं. ४५ अंशांत जोर मारणारं अंग आहे ते, त्याला सहा अंश म्हणजे काश्मीरच.

वस्तादांचा_भाचा

भुसावळकर गमतीत बोलले, पण मुद्द्याचं तेच आहे. मी काही वर्षं लाल मातीत घालवली आहेत, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो.

फोटोवाले लोक सूर्याचं घड्याळ बघतात. कुठे किती वाजता ऊन येईल, धुकं कधी विरेल. थंडीत पहिलवानाचे फोटो काढताना ते घड्याळ दुय्यम. त्याचं अंग कधी तापतं आणि कधी निवतं, काम त्याच घड्याळावर चालणार. तालमीत पोरगं आलं की आधी फावड्याने हौदा उकरतं. ही कसरतच आहे, उगाच नाही वस्ताद ते काम पोरांना लावत. मग जोर, बैठका. थंडीत एरवीपेक्षा जास्त वेळ लागतो, घाम लवकर फुटत नाही. मग जोडीशी लढत. दोन-तीन लढती झाल्या की अंगाची भट्टी होते. तुमची वाफ तेव्हाच निघणार, त्याच्या आधी नाही आणि फार नंतरही नाही.

लढत सुटली की पोरगं उभं राहतं, दम खातं, मातीचा हात अंगावरून फिरवतं. तुमचा सगळा खेळ एवढ्याच वेळात. मोजून सांगत नाही, पण वारा असेल तर पाच मिनिटंही मिळत नाहीत. त्यानंतर घाम गार पडतो आणि अंग आखडायला लागतं. त्याच वेळी 'जरा इकडे बघ, हनुवटी वर कर, अजून एक' असं चालू केलंत तर स्नायू धरतो. पोराची पुढची स्पर्धा असेल तर तुमच्या बॅनरपायी त्याचा हंगाम जाईल.

म्हणून सरळ सांगतो. लाइट लावणं, उभं राहायची जागा ठरवणं, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) जुळवणं हे सगळं दुसऱ्या कुणालातरी त्या जागी उभं करून आधीच उरकून घ्या. तालमीतलं लहान पोरगं स्वेटर घालून आनंदाने उभं राहील. पहिलवान त्या जागी आला की फक्त बटण दाबायचं. एक माणूस घोंगडी घेऊन फ्रेमच्या बाहेर उभा ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका.

आणि वस्तादांना आधी विचारा की पोराचं वजन उतरवणं चालू आहे का. स्पर्धेच्या तोंडावर वजन तोडणारा पहिलवान पाणी कमी पितो, खातो कमी, चिडचिडा असतो आणि लवकर गारठतो. त्या आठवड्यात कॅमेरा घेऊन जाऊच नका.

फोटोवाला_शिरपूर

दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. एक शंका. इंटरनेटवर काही जण अंगावर कोमट पाणी मारून वाफ काढतात असं पाहिलं. स्प्रेच्या बाटलीने थोडंसं मारलं तर? लढतीची वाट बघायला नको आणि दोन-तीनदा करता येईल.

वस्तादांचा_भाचा

नाही. वस्ताद बाटलीसकट तापीत टाकतील.

फिजिओताई_जळगाव

वस्ताद बाटलीबद्दल बरोबरच असतील. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे २४ पट आहे. शिवाय ओल्या त्वचेवरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं ते वेगळंच. कोमट पाणी मारलेलं अंग मिनिटभर वाफाळतं आणि मग कोरड्या अंगापेक्षा कितीतरी लवकर गार होतं. एकदा चाललं असतं, तुम्ही 'दोन-तीनदा' म्हणताय तिथे अडचण आहे.

माझ्याकडे हिवाळ्यात मांडीचा मागचा स्नायू आणि कंबर धरलेले खेळाडू येतात. विचारलं की बऱ्याचदा कळतं, सराव नीट झाला होता, दुखलं ते नंतर थांबल्यावर आणि पुन्हा अचानक जोर लावल्यावर. फोटोसाठी 'तोच डाव परत मार' म्हणणं म्हणजे नेमकं हेच. परत मारायचा असेल तर परत अंग तापवू द्या. त्याला घाई करू नका.

आणखी एक, कोणी सांगत नाही म्हणून: कान, नाक, बोटं आधी गार पडतात. पहिलवानांचे मोडलेले कान तर थंडीत दुखतात. कानटोपी शेवटच्या क्षणी काढा.

प्रकाशरेषा

वाफेचं गणित कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. वाफ खरीच दिसते, कॉम्प्युटरची गरज नाही. पण तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

अंगाजवळची गरम दमट हवा बाहेरच्या गार हवेत मिसळते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात, ती वाफ. हवा जितकी गार आणि ओलसर, तितकी ती जास्त वेळ टिकते. आपल्याकडची थंडी कोरडी, त्यात वारा, म्हणून शेतात उभ्या माणसाच्या अंगावरची वाफ दिसायच्या आत विरते. नदीकाठ, पडलेला वारा, सूर्योदयाच्या आधीची वेळ, हे तुमच्या बाजूचं आहे. दुसरी गोष्ट, प्रकाश मागून हवा. समोरून फ्लॅश मारलात तर वाफ गायब. तिसरी, पाठीमागे काळोख हवा. तुम्हाला मागे धुकं हवंय आणि वाफही हवीय. पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार? दोन वेगळे फोटो समजा.

वाफेच्या फोटोसाठी पाठीमागे बाभळीची रांग किंवा तालमीची सावलीतली भिंत घ्या. एक फ्लॅश पहिलवानाच्या मागे, खांद्याच्या उंचीवर, थोडा बाजूला, ताकद कमी. त्याचा उजेड थेट लेन्समध्ये शिरणार नाही असा पुठ्ठा लावा. सूर्योदयापूर्वीचा उजेड निळा असतो, म्हणून त्या फ्लॅशला केशरी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलंत तर शेकोटीचा उजेड वाटेल. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, मागचा काळोख बघून कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फोटो उजळ करायला जातं. शटर फ्लॅशच्या मर्यादेत, म्हणजे १/२०० सेकंदाच्या आसपास.

धुक्यातल्या फोटोला उलटं. तिथे मीटर सगळं राखाडी करून ठेवतं, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फोकस धुक्यात चाचपडतो, चेहऱ्यावर न धरता लंगोटाच्या काठावर किंवा अंगावरच्या मातीच्या कडेवर धरून बघा, तिथे कॉन्ट्रास्ट असतो.

लढतीचा फोटो मात्र फ्लॅशशिवाय, ऊन आल्यावर. धोबीपछाड बसला आणि माती उडाली की १/१००० च्या खाली ती रेघांसारखी ओढली जाते. कुणाला रेघा आवडतात, मला कण आवडतात.

केळीवाला_रावेर

पारा १० च्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते, म्हणून आमच्या रावेर-यावलकडे लोक रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. पहाटे तो धूर केळीच्या पानांखाली तरंगत असतो आणि ऊन आलं की एकेक तिरीप वेगळी मोजता येते. फोटोवाले भाऊ, नदीचं धुकं लागलं तर लागलं, नाही लागलं तर मन्हा वावरमा या, धूर फुकट शे.

फिजिओताई_जळगाव

दृश्य छान असेल, पण सराव करून धापा टाकणाऱ्या पोराला त्या धुरात उभं करू नका. धाप लागलेला माणूस एरवीच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. शांत उभ्याचा पोर्ट्रेट असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूला, धूर मागे ठेवून.

केळीवाला_रावेर

ताई म्हणतात ते बरोबर. उभ्याचाच काढा. आणि पानं फाडू नका.

सातपुडा_मास्तर

धडगावकडच्या शाळेत शिकवतो. पहिलवान नाही, पण आमच्याकडे लांब पल्ल्याची एक धावपटू पोरगी आहे, तिचे फोटो एका ओळखीच्या फोटोग्राफरने तोरणमाळच्या रस्त्यावर काढले, तेव्हा मी सोबत होतो. तोरणमाळ हजार मीटरच्या वर, खाली शहाद्यापेक्षा चांगलंच गार. अक्कलकुव्यातल्या डाबला तर कडाक्याच्या दिवसांत दव गोठून गवत पांढरं पडतं, दरवर्षी पेपरात येतं.

धावणारीचं वेगळं असतं. ती थांबतच नाही, म्हणून गारठतही नाही, गारठतो तो फोटोग्राफर. आम्ही असं ठेवलं: ती तिचा नेहमीचा सराव करणार, फोटोवाला रस्त्याच्या एका वळणावर उभा, ती जाताना-येताना मिळेल ते त्याचं. स्वेटर फक्त त्या टप्प्यापुरता काढायचा. पुढे मोटरसायकलवर तिचा भाऊ स्वेटर घेऊन थांबलेला. आईवडिलांना आधी विचारलं होतं, कोणते कपडे, फोटो कुठे लागणार, सगळं. हे सांगतो कारण पोरींच्या बाबतीत लोक ते गृहीत धरतात.

दोन गोष्टी त्याच्याकडून शिकलो. तोंडातली वाफ टिपायची तर चेहऱ्याकडे बघत बसू नका, छातीकडे बघा. श्वास सुटायच्या आधी खांदे खाली येतात, तेव्हा बटण. आणि थंडीत धावणाऱ्याचं नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं. जवळचा फोटो काढण्याआधी तिला रुमाल द्या आणि तेवढा वेळ कॅमेरा खाली करा. ती लाजली की पुढचे सगळे फोटो बिघडतात.

फ्लेक्स_नाना_धुळे

मंडळी कलेवर बोलून राहिली, मी धंद्यावर बोलतो. बॅनर म्हणजे आडवं, १५ बाय १० फूट. फोटोवाल्याच्या २४ मेगापिक्सेल फाइलच्या रुंदीतल्या ६००० पिक्सेलचे १५ फूट केले तर इंचाला ३३ पिक्सेल येतात. रस्त्यावरून बघायला पुरे. पिक्सेलचं टेन्शन घेऊ नका.

टेन्शन जागेचं घ्या. फोटोवाल्याने पहिलवान मधोमध भरगच्च घेतला की आमची पंचाईत. डावीकडे वर आमदार, त्यांच्या खाली जिल्हा परिषद, खाली 'शुभेच्छुक' म्हणून पंधरा-वीस पासपोर्ट साइज तोंडं, उजवीकडे गावाचं नाव. पहिलवान एका बाजूला घ्या आणि बाकी काळोख सोडा. तो काळोख तुम्हाला कलात्मक, आम्हाला सोयीचा.

भुसावळकर

नाना, काळोखातून पंधरा शुभेच्छुक उगवणार म्हणजे भुताटकीचं बॅनर होईल.

फोटोवाला_शिरपूर

सत्कार समितीने आणखी एक काढलंय. पहिलवानाच्या खांद्यावर चांदीची गदा द्या म्हणतात. एकाच्या घरी नाटकातली आहे, चंदेरी रंगाची. त्याला मिळालंय पदक.

वस्तादांचा_भाचा

गदा देऊ नका. महाराष्ट्र केसरीच्या गदेला वजन आहे ते लोखंड-चांदीचं नाही. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीन वेळा तो किताब घेतला, अख्ख्या खानदेशाने त्या गदेसोबतचे त्यांचे फोटो पाहिलेत. आता वजनगटातल्या पदकवाल्या पोराच्या खांद्यावर नाटकातली गदा दिलीत की दुसऱ्या तालमीतली पोरं त्याला वर्षभर चिडवतील. त्याने कमावलंय त्याची शान त्या नकलीने कमी होते.

फ्लेक्स_नाना_धुळे

भाचे, एवढं मनावर नका घेऊ. बॅनरवर गदा हे चिन्ह आहे, व्यायामशाळेच्या पाटीवर असते तशी. लोकांना लांबून कळायला पाहिजे की हा पहिलवान आहे.

वस्तादांचा_भाचा

लंगोट लावलेला, मातीने माखलेला, मोडक्या कानांचा माणूस लांबून काय बँक मॅनेजर वाटतो का?

प्रकाशरेषा

वादात पडत नाही. फक्त एवढंच की चंदेरी गोल वस्तूत फोटोग्राफर, त्याचं लाल जॅकेट, मागची मोटरसायकल, सगळं दिसतं. गदा असो की पदक, काळे कपडे घालून जा. आणि पहाटे गार पडलेलं पदक उघड्या छातीवर टेकलं की पहिलवान कितीही मोठा असो, दचकतो.

फोटोवाला_शिरपूर

मंडळी, काम झालं, म्हणून वृत्तांत.

आदल्या संध्याकाळी जाऊन फ्लॅशच्या जागा चुन्याने आखून ठेवल्या. पहाटे तालमीतल्या सगळ्यात धाकट्याला स्वेटर-मफलरसकट उभं करून लाइट जुळवला. त्याला स्वतःचा फोटो हवा होता, तो आधी काढला, मग तो घोंगडीवाला झाला. काम इतक्या इमानदारीने केलं की दोन फोटोंत घोंगडीचा कोपरा आलाय.

वाऱ्याने साथ दिली, पानही हलत नव्हतं. आधी काहीच दिसेना. पहिलवान जोर मारतोय, तोंडातून वाफ येतेय, पण अंग कोरडं. वस्तादांनी दोन पोरं त्याच्यावर सोडली, एकामागून एक. दुसरी लढत सुटल्यावर तो उठून बाभळींकडे पाठ करून उभा राहिला, मी आखलेल्या जागेपासून हातभर लांब, आणि मानेवरून वाफ चढायला लागली. खांद्यांवरून नाही, आधी मानेच्या मागून आणि कानांच्या पाठीमागून. डावा कान सुपारीसारखा घट्ट झालेला आहे, त्याच्या कडेला ओली माती चिकटली होती आणि त्या मातीतूनही वाफ निघत होती. फ्लॅशच्या उजेडात ती केशरी दिसली. मी 'इकडे बघ' म्हटलं नाही. तो जोडीदाराला काहीतरी सांगत होता, ढाक (कुस्तीतला एक डाव) मारताना तुझा पाय कुठे होता असं काहीतरी.

मग घोंगडी आली आणि वस्ताद म्हणाले, बस. मी अजून एक म्हणणार होतो, त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हटलं नाही.

सूर्य सातनंतर वर आला, नदीवरचं धुकं अर्ध्या तासात विरलं. तेवढ्यात अंगावर शाल घेऊन काठावर बसलेला एक काढला, एक स्टॉप वाढवून. तो कॅलेंडरला जाईल. बॅटरी एकच लागली. बोटं मात्र आखडली होती. पुढच्या वेळी बोटं कापलेले हातमोजे घेणार, लोकरीच्या जाड मोज्यांत चाक फिरतंय की नाही तेच कळत नाही.

गदेचा निकाल अजून लागलेला नाही. समितीचे दोन जण म्हणतात, नंतर कॉम्प्युटरवर चिकटव.

वस्तादांचा_भाचा

चिकटवू नका.

फिजिओताई_जळगाव

घोंगडीचा कोपरा आलेला फोटो टाका ना इथे.

फोटोवाला_शिरपूर

समिती सत्काराच्या आधी बाहेर काढू देत नाही, ताई. नंतर टाकतो. नाना, एक विचारायचं होतं: माती आणि लंगोटाचा लाल रंग स्क्रीनवर जिवंत दिसतोय, तुमच्या मशीनवर तपकिरी निघणार नाही ना?

फ्लेक्स_नाना_धुळे

निघू शकतो. छपाईच्या शाईत स्क्रीनसारखा झगझगीत लाल आणि केशरी बसत नाही, आणि तुमच्या वाफेचं सगळं काम केशरीवरच आहे. फाइल पाठवण्याआधी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, करून स्क्रीनवर बघा, मग हवं तर लालातला काळा कमी करा. आणि पूर्ण बॅनर एकदम लावायला सांगू नका. वाफ आणि कान येईल असा दोन बाय दोनचा तुकडा आधी काढून देतो, उद्या दुपारी दुकानावर या. उन्हात धरून बघा, ट्यूबलाइटखाली नको. आमदारांचा नवा फोटो सोबत आणा, माझ्याकडचा मागच्या निवडणुकीचा आहे.